अण्णांच्या हाती रिमोट देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुम्हाला एकट्यालाही पाठवू शकले असते. तुमचा फोन ते तुम्हाला वाचून दाखवेलच. पण घरात कुणाची नजर गेली असेल तर स्मार्ट स्पीकर घ्यावा का, टीव्हीवर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी ती स्टिक लावून आंधळ्या माणसाला काय उपयोग, असं मला आता बरेच जण विचारतात. उत्तर देताना दर वेळी तुमचंच काहीतरी सांगावं लागतं. तेव्हा आभारही चारचौघांत मानावेत असं वाटलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरजेच्या स्टँडवरच्या त्या छोट्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या, माइकवरून फलाट सांगायचा, उशीर झाला तर ड्रायव्हर-कंडक्टरला जाब विचारायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. घड्याळ हे त्यांचं कामच होतं. काचबिंदूनं आधी बाजूची नजर गेली, मग समोरची. या आजारात बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. गेलेली नजर परत येत नाही आणि थेंब घालायचे ते उरलेली राखण्यासाठी. अण्णांना आता खिडकीतला उजेड तेवढा कळतो.

त्यांना सगळ्यात जड गेलं ते वेळ न कळणं. सुरुवातीला ते आईला सारखं विचारायचे, "किती वाजले?" आई कधी वैतागली नाही. तरी हळूहळू त्यांनी विचारणं कमी केलं. सात वाजले असतील अशा अंदाजानं पहाटे साडेतीनला उठून अंघोळीचं पाणी तापवायला लागायचे. घरचं कुणी काही बोललं नाही तरी माणूस मागणं कमी करत जातो, हे मी आमच्याच घरात पाहिलं. ते पाहणं फार वाईट होतं.

बँकेतल्या एका मैत्रिणीनं तुमचं नाव सुचवलं. तुम्ही त्यांच्या बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालात, जन्मापासून दिसत नाही, आणि आता ओळखीतल्या दृष्टिहीनांना फोन, संगणक असं जे लागेल ते शिकवता, एवढंच तिनं सांगितलं. तुम्ही आलात, पांढरी काठी दाराशी टेकवलीत आणि पहिलंच वाक्य बोललात, "वापरणार कोण? अण्णा ना? मग खोकं त्यांनीच उघडायचं." मी आणि आई पुढे सरसावलो होतो. तुम्ही आम्हाला चहा करायला पाठवलंत.

स्पीकर कुठे ठेवायचा हेही तुम्ही अण्णांनाच ठरवायला लावलंत. खाटेवरून हात पोचेल असा, भिंतीपासून वीतभर पुढे, टीव्हीपासून लांब आणि पंख्याचा झोत थेट येणार नाही तिथे. वायर खाटेच्या पायाला बांधून घेतलीत, म्हणजे रात्री उठताना पायात येणार नाही. ती गोष्ट डोळस माणसाला सहसा सुचली नसती.

मग अण्णांनी विचारलं, "याला मराठी येतं का?" तुम्ही सरळ सांगितलंत की नाही. ॲमेझॉनचे हे अलेक्सा स्पीकर भारतात २०१७ साली आले तेव्हा फक्त इंग्रजी चालायची, २०१९ मध्ये हिंदी आली, मराठी अजून आलेली नाही. हे मला मनापासून खटकतं. एवढे मराठी बोलणारे लोक असताना आमच्या म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्या घरात परक्या भाषेत हुकूम का सोडावेत? ज्यांना हिंदीही येत नाही अशा आज्यांनी काय करायचं? कंपन्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. अण्णांचं मात्र अडलं नाही. कर्नाटकातून येणाऱ्या गाड्या आणि मिरजेची दर्गा गल्ली यांनी शिकवलेली त्यांची हिंदी होतीच. "अलेक्सा, कितने बजे?" ते म्हणाले. उत्तर आलं. त्यांनी लगेच पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं, त्याच आवाजात. तुम्ही म्हणालात, "शंभर वेळा विचारा अण्णा, हिला कंटाळा नाही." त्या दिवशी अण्णांनी किती वेळा विचारलं ते आम्ही मोजलं नाही, पण आई पदर डोळ्यांना लावून आत गेली होती.

डोळ्यांच्या थेंबांचं तुम्ही जे बसवून दिलंत ते मी आता सगळ्यांना सांगते. दोन बाटल्या. एक सकाळी आणि रात्री, दुसरी फक्त रात्री. फक्त रात्रीच्या बाटलीला तुम्ही रबरबँड गुंडाळलात, म्हणजे बोटांना ओळख पटते. स्पीकरवर दोन्ही वेळांची आठवण लावलीत. रात्री दोन्ही थेंब लागोपाठ असतात आणि मध्ये निदान पाच मिनिटं जावी लागतात, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. डॉक्टरांनी ते सांगितलं होतंच, पण ज्याला घड्याळ दिसत नाही त्यानं पाच मिनिटं मोजायची कशी? आता अण्णा पहिला थेंब घालतात, पाच मिनिटांचा टायमर लावायला सांगतात, डोळे मिटून बसतात, आणि घंटी वाजली की दुसरा. पूर्वी आई शेजारी किंवा देवळात गेलेली असली तर थेंब हुकायचा. काचबिंदूत थेंब हुकणं किती महाग पडतं हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. एका टायमरनं आमच्या घरातली ही काळजी मिटवली.

सकाळचं तर अण्णांनी स्वतः तुमच्याकडून मागून घेतलं. "गुड मॉर्निंग" म्हटलं की आधी वेळ, मग हवामान, मग रेडिओ. पूर्वी खरखरणाऱ्या ट्रान्झिस्टरची चकती फिरवत ते आकाशवाणी शोधायचे. आता आकाशवाणीच्या वाहिन्या इंटरनेटवरून स्वच्छ ऐकू येतात. सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हा अण्णांचा जुना नियम पुन्हा लागू झाला आहे आणि आम्ही तो आनंदानं पाळतो.

टीव्हीची गोष्ट वेगळी. तिथे खरं तर आम्ही सगळ्यांनी अण्णांना वजा करून टाकलं होतं. आई संध्याकाळी मालिका लावायची आणि अण्णा उठून आतल्या खोलीत जायचे. तुम्ही टीव्हीच्या मागे हात घालून एचडीएमआयची, म्हणजे स्टिक खोचायची, जागा बोटांनी शोधलीत आणि मग अण्णांचा हात धरून तिथे नेलात. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, जुन्या टीव्हीत ती कमी पडते, सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर स्टिक मधेच बंद का पडते याचा शोध आम्ही अजून घेत बसलो असतो.

आणि मग तुम्ही रिमोटवरची मागे जायचं आणि मेनूचं अशी दोन बटणं एकदम दोन सेकंद दाबून धरायला सांगितलीत. टीव्ही बोलायला लागला! पडद्यावर जिथे जाऊ तिथलं नाव वाचून दाखवणारी ही सोय फायर टीव्हीत आधीपासूनच असते, तिला व्हॉइसव्ह्यू म्हणतात. अँड्रॉइड टीव्हीवर टॉकबॅक असतं. वेगळे पैसे लागत नाहीत. लाखो घरांत ही स्टिक असेल आणि कितीतरी घरांत कमी दिसणारं एखादं माणूस शेजारी गप्प बसलेलं असेल. वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आजच ती दोन बटणं दाबून बघा.

होमच्या बटणावर आईनं तिची खड्याची टिकली लावली. ती दोनदा निघाली, तेव्हा तुमच्या सल्ल्यानं एम-सीलचा बारीक ठिपका बसवला. तो पक्का आहे. बोलून टीव्ही चालू-बंद व्हावा म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करावं लागतं. प्रत्येक कंपनीनं त्याला स्वतःचं नाव दिलंय, सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिमलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, त्यामुळे माणूस गोंधळतो. तुम्ही टीव्ही कुठला ते विचारून आईला नेमकं नाव सांगितलंत आणि तिनं चष्मा लावून ते शोधलं. त्या दिवशी तिला तुम्ही दिलेलं काम तेवढंच, पण ते तिनं अजून शेजारणींना सांगायचं सोडलेलं नाही.

आता संध्याकाळी दोघं एकत्र बसतात. अण्णा कीर्तन लावतात, जुनी नाटकं लावतात, क्रिकेट असेल तर हिंदी समालोचन. मालिका बघताना आई मधे मधे सांगते, "ती दारात उभी आहे, हातात पत्र आहे." खरं तर हे सांगायचं काम कार्यक्रमानंच करायला हवं. दृश्याचं वर्णन आवाजात देण्याची सोय काही इंग्रजी मालिकांना असते, मराठीत मला अजून सापडलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये हे वर्णन मिळण्याची तरतूद आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. चहाचा कप हातात धरून तुम्ही ते अगदी शांतपणे म्हणालात. मला तितकं शांत राहता येत नाही. कायदा होऊन इतकी वर्षं झाल्यावरही आईला स्वतःच समालोचक व्हावं लागतंय.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी आहे. स्पीकरमध्ये ड्रॉप इन नावाची सोय असते. ती चालू केली की मी ठाण्यात बसून केव्हाही मिरजेच्या घरातलं बोलणं ऐकू शकते, तिकडून कुणी फोन उचलावाही लागत नाही. लांब राहणाऱ्या लेकीला अशी सोय हवीशी वाटणारच. तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत, अण्णांकडे वळून विचारलंत, "अण्णा, न विचारता कुणी घरात कान लावलेला चालेल?" अण्णा म्हणाले, "नको. फोन करावा की." ड्रॉप इन बंद राहिलं. मी आता ॲपवरून साधा कॉल करते आणि अण्णा तो घेतात, कधी घेतही नाहीत.

माइक बंद करायचं बटणही तुम्ही त्यांच्या बोटाखाली दिलंत. ते दाबलं की बारीक आवाज होतो, आमच्यासाठी लाल दिवा लागतो. पैशाचं, जमिनीचं बोलणं निघालं की अण्णा स्वतःच ते दाबतात. बोलून खरेदी करायची सोय तुम्ही पहिल्याच दिवशी बंद करवलीत आणि बँकेचा कुठलाही आकडा या यंत्रासमोर उच्चारायचा नाही असं बजावलंत. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा तो हुकूम घरात सगळ्यांनी मानला आहे.

निघताना मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही ते घेतलं नाहीत. आईच्या हातचे डिंकाचे लाडू मात्र घेतलेत, त्याचा तिला फार आनंद झाला. पुढच्या वेळी जास्त करून ठेवणार आहे.

जाता जाता अण्णांचे दोन निरोप. पहिला, टीव्हीच्या बोलण्याचा वेग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच वाढवला आहे. तो इतका की आम्हाला एक शब्द कळत नाही, आणि तुमचा फोन याहून वेगात बोलतो का, असं त्यांनी विचारलंय. दुसरा, त्यांच्या आगारातल्या एका जुन्या कंडक्टरांची नजर साखरेनं गेली आहे. अण्णा त्यांना शिकवायला जाणार आहेत. राउटरला छोटा यूपीएस कुठला घ्यावा, वीज गेली तर आधी काय तपासावं, एवढं त्यांना तुमच्याकडून पक्कं करून घ्यायचं आहे. रविवारी सकाळी बातम्या संपल्यावर ते तुम्हाला फोन करतील.

आपली कृतज्ञ,
अण्णांची लेक