इसारपावतीवर सही करण्याआधी

पुणे, गुरुवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "मळीचं रान विकतो, घराला कुलूप लावतो आणि तुझ्याकडे येतो." मी लगेच "या" म्हणाले नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की आतल्या खोलीत तुमचा पलंग कुठे बसेल हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं. आईचे गुडघे, बाबांचं बीपी, दर पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याकडे लागलेले डोळे, सगळ्यातून एकदाची सुटका. म्हणूनच मी थांबले. बाबांचा निर्णय रागाच्या भरात, माझा होकार मायेपोटी, आणि देवाला आपल्यापैकी कुणी विचारलेलंच नाही, असं व्हायला नको.

बाबा, तुमचा राग रास्त आहे. काकांनी बांध कोरला, आजोबांनी रोवलेला हद्दीचा दगड सरकवला आणि वर चारचौघांत तुम्हालाच खोटं पाडलं. त्याच बांधावरून रात्रीच्या लाइटला तुम्ही बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचात. पायात गमबूट, डोक्याला मफलर, आणि परत येईपर्यंत आई चुलीपाशी जागी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आपला ऊस उभ्या जागी कुजला, तेव्हाही रान विकायचं तुम्ही नाव काढलं नाही. पुरानं जे झालं नाही ते भावाच्या एका शब्दानं झालं. पण तो शब्द उराशी धरून रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊ नका. खरेदीखत एकदा नोंदलं की राग शांत झाला म्हणून रान परत येत नाही.

दत्तजयंती जवळ आली आहे, तुम्ही सप्ताहाला बसाल. दुसऱ्या दिवशी गुरुचरित्राचा सतरावा अध्याय येईल. तो तर आपल्याच घाटावरचा. लोकांनी हिणवलं म्हणून करवीरचा मुलगा घर सोडून भिलवडीला भुवनेश्वरीपुढे येऊन बसतो, अन्नपाणी टाकतो, जीभ कापून देवीच्या पायाशी ठेवतो, आणि आता मस्तकच वाहीन म्हणतो. लहानपणी मला त्याच्या धाडसाचं कौतुक वाटायचं. आता वाचताना दुसरंच दिसतं. देवी त्याच्या हट्टाला तिथल्या तिथे फळ देत नाही. तो निजल्यावर स्वप्नात येते आणि नदीपलीकडे औदुंबराखाली बसलेल्या नृसिंहसरस्वती स्वामींकडे जा म्हणते. जोवर तो अपमानानं पेटलेला होता तोवर त्याला काही ऐकूच आलं नसतं, असं मला वाटतं. आणि उत्तर मिळालं तेही त्यानं मागितलं होतं तसं नव्हतं. त्याला उठून नदी ओलांडावी लागली.

मीही असंच करते. नोकरीचं असो की नात्यातलं, मोठा निर्णय आला की आधी काही दिवस देवापुढे काहीच मागत नाही, नुसतं नाम घेते. चिठ्ठ्या टाकणं मला पटत नाही. आपलं आधीच ठरलेलं असलं की मनाजोगी चिठ्ठी निघेपर्यंत माणूस टाकत राहतो. मन निवलं की मग म्हणते, महाराज, माझं मत बाजूला ठेवलं, तुम्हाला काय हवं ते दाखवा. त्यानंतर जे सुचतं त्यात घाई नसते आणि कुणाचा सूडही नसतो. घाई आणि सूड असला की मी समजते, हे अजून माझंच बोलणं आहे. एजंट म्हणतो हा भाव सोमवारपर्यंतच. या घाईत देव कुठे आहे, बाबा?

देव माणसांच्या तोंडूनही बोलतो. आत्याला विचारलंत का? तुम्ही आणि काका, दोघेही तिचं ऐकता. आणि बांधाचा वाद आहे तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करू, कागदपत्रं मी जमवते. देवाला विचारायचं म्हणजे नुसतं हात जोडून बसायचं असं थोडंच आहे! मोजणीत दगड कुठं होता ते निघेल, मग विकणं न विकणं शांत डोक्यानं ठरवता येईल.

आई, काल तू फोनवर काहीच बोलली नाहीस. तुळशीपासून गोठ्यापर्यंत सगळं घर तुझ्या हाताखालचं आहे. तुला काय वाटतं ते बाबांना सांग. त्यांना राग येईल म्हणून गिळून टाकू नकोस.

सप्ताह संपेपर्यंत इसारपावतीवर सही नको, एवढंच मागणं आहे. पारणं झालं की मी येते. आपण तिघं औदुंबरला जाऊ, पादुकांचं दर्शन घेऊ आणि घाटावर निवांत बसू. त्यानंतरही बाबा म्हणाले विकायचं, तर कचेरीत मी स्वतः तुमच्यासोबत उभी राहीन, एका शब्दानं अडवणार नाही. राहू म्हणालात तरी आनंदच. आतली खोली तुमचीच आहे, रान असो वा नसो.

बीपीची गोळी रात्री विसरू नका. एजंटाचा फोन आला तर सांगा, लेक आल्यावर बोलू.

तुमची,
ताई