25 मार्चही लक्षात घ्यावा

संपादक महोदय,

नाताळच्या लेखांत ‘देव माणसाचे रूप घेऊन आला’ असे सर्रास लिहिले जाते. ख्रिस्ती श्रद्धा याहून बरीच पुढे जाते. ख्रिस्ताचे शरीर हा नुसता देखावा होता, हे मत चर्चने सुरुवातीच्या शतकांतच नाकारले. इ.स. 451 मध्ये कॅल्सेडन येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने एकाच व्यक्तीत पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व मानले. दोन्हींची सरमिसळ नाही, ताटातूटही नाही. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीपाशी थकून बसतो, मरण पावलेल्या लाजर या मित्रासाठी रडतो आणि पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच राहतात. काम झाल्यावर उतरवून ठेवावे असे ते शरीर नव्हते.

कॅथलिक पंचांगात या देहधारणेचा, म्हणजे देव मनुष्य झाल्याचा, सण नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, 25 मार्चला येतो. या दोन्ही सणांना मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) श्रद्धेची घोषणा करताना ‘मनुष्य झाला’ या ओळीला गुडघे टेकतात. एरवी मस्तक लववतात. लेखांतून नेमके हेच सुटते.

देवाच्या काळजीविषयी लिहितानाही असेच होते. येशूच्या बोलण्यातली आकाशातली पाखरे सगळ्यांना आठवतात, बाजारातल्या चिमण्या फार थोड्यांना. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला, लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. म्हणजे पाचवी वर फुकट घातलेली! तिचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू सांगतो. चिमणी जमिनीवर पडणारच नाही, असे मात्र तो म्हणत नाही. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे आजाऱ्याला ऐकवणाऱ्यांनी ही दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचावीत.

– एक वाचक, वसई