ट्रकचा अल्टरनेटर परत कर

सातारा
२० एप्रिल

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू इतका रंगात आला होतास की मला मध्ये तोंड घालायला फटच मिळाली नाही. म्हणून लिहितोय. शिवाय आकडे कागदावर असलेले बरे. फोनवर सांगितलेले आकडे तू सोयीने विसरतोस, हे मला दहावीपासून माहीत आहे.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या माळावरच्या, आंब्याच्या कलमांत पवनचक्की उभी करून घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरायच्या हा विचार उत्तम. २.४ मीटर व्यासाची पाती, तीही चांगली. पण भंगारवाल्याकडून तू जो ट्रकचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारं यंत्र, आणून ठेवलायस, तो परत घेत असेल तर उद्याच नेऊन दे.

तो खराब आहे असं नाही. त्याची सवय वेगळी आहे. ट्रकचं इंजिन नुसतं चालू करून ठेवलं तरी मिनिटाला सहा-सातशे फेरे मारतं, आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या दोन-अडीच पट फिरतो. म्हणजे पंधराशेच्या आसपास गेल्याशिवाय तो मनापासून कामाला लागत नाही. आता तुझी पाती बघ. चांगल्या तीन पात्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सहापट असतो. सेकंदाला ५ मीटर वारा असेल, तर टोक सेकंदाला ३० मीटर जाणार. २.४ मीटर व्यासाचा परीघ साडेसात मीटर. म्हणजे सेकंदाला चार फेरे, मिनिटाला २४०. वारा दुप्पट झाला तरी पावणेपाचशे. कुठे २४० आणि कुठे पंधराशे!

तू म्हणशील, बेल्ट टाकू, गिअर टाकू. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या मोठ्या चक्क्यांत बऱ्याच ठिकाणी गिअरबॉक्स असतो. पण तिथे हिशेब शेकडो किलोवॅटचा, थोडं तेलात गेलं तरी चालतं. तुझ्याकडे ४ मीटरच्या वाऱ्यात हाताला लागणार ४०-४५ वॅट. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे ८ मीटरच्या वाऱ्यात हेच सव्वातीनशे-साडेतीनशेच्या घरात जातात. पण खाली उतरताना तोच घन आपल्याला मारतो. आणि त्या अल्टरनेटरला स्वतःचं चुंबक तयार करायला आधी फील्ड कॉईलला करंट द्यावा लागतो. २४ व्होल्टला दीड-दोन अँपिअर म्हटले तरी ४० वॅट तिथेच संपले. वर बेल्टचं घर्षण. म्हणजे हलक्या वाऱ्यात तुझी चक्की उलट बॅटरीच पिणार.

बाकीचे पर्यायही तुझ्या डोक्यात येतील, ते आत्ताच निकालात काढतो. ट्रेडमिलच्या डीसी मोटरी जुन्या बाजारात मिळतात, त्यात कायमचं चुंबक असतं, म्हणून लोकांना त्या आवडतात. मोटरीवरची पट्टी वाचायची. १८० व्होल्ट, ४००० फेरे असं लिहिलं असेल तर २४ व्होल्टला तिला सव्वापाचशे फेरे लागतील, आणि तुला दीडशे-पावणेदोनशेलाच चार्जिंग सुरू व्हायला हवंय. वर कार्बन ब्रश झिजतात, ते बदलायला दर वेळी टॉवर खाली घ्यायचा. पंपाच्या इंडक्शन मोटरीला कपॅसिटर लावून वीज काढता येते, पण चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) असेल तर पंधराशेच्या वर फिरवायला हवी. तिचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, लेथवर उतरवून चुंबकं बसवणारेही आहेत. तिथे अडचण अशी की लोखंडी दात चुंबकाला धरून ठेवतात, पंखा अडखळतो आणि झुळकीला सुटतच नाही.

मग उरतं ते स्वतः जनरेटर बांधणं. घाबरू नकोस, पंपाची मोटर रिवाइंड करण्यापेक्षा हे सोपं आहे. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग म्हणून एक गाव आहे, तिथे गाडीरस्ताही जात नाही. तिथला ह्यू पिगट हा माणूस १९७०च्या दशकापासून घरच्या घरी चक्क्या बांधतोय. त्याने रुळवलेली रचना आज जगभर चालते. दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर बारा-बारा निओडिमियम चुंबकं, मध्ये रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये)  ओतलेल्या नऊ तांब्याच्या कॉईल. चकत्या फिरतात, कॉईल जागेवर. कॉईलमध्ये लोखंड नाही, त्यामुळे अडखळणं नाही. माझ्या शेडवर हीच आहे, बोटाने ढकललं तरी फिरते.

चकत्या बसवायला हब, म्हणजे चाकाचा मधला फिरणारा भाग, लागेल. मारुती ८००च्या मागच्या चाकाचा हब त्याच्या स्टबसकट (आसासकट) भंगारात बघ. ती गाडी पुढच्या चाकांनी ओढते, त्यामुळे मागे नुसतं फिरणारं चाक असतं, आणि तेच आपल्याला हवंय. बेअरिंग मात्र नवीन टाक. तिथे पैसे वाचवू नकोस.

आता वेढे किती, हा प्रश्न. इंटरनेटवरचे तक्ते जसेच्या तसे उतरवू नकोस, कारण तुझी चुंबकं आणि तुझं अंतर त्यांच्यासारखं असेलच असं नाही. ५० वेढ्यांची एकच कॉईल गुंडाळ, लाकडी पट्टीवर बांधून दोन चकत्यांच्या मधोमध धर, मल्टिमीटर एसीवर लाव आणि हाताने सेकंदाला एक या गतीने चकत्या फिरव. घड्याळ समोर ठेव, नाहीतर जोशात दोन फेरे मारशील. ४६ × ३० × १० मिलिमीटरची चुंबकं आणि कॉईल १३ मिलिमीटर जाड असेल तर १.१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. बाकी सगळी त्रैराशिकं. तुझ्या घरच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे २४ व्होल्ट. एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमध्ये दीडेक व्होल्ट जातो, म्हणजे साडेपंचवीस धरू. हे १७० फेऱ्यांना यायला हवं. तीन-तीन कॉईलची एक फेज, तीन फेज स्टारमध्ये, म्हणजे तिघींचं एकेक टोक एकत्र जोडून. अशा जोडणीत डीसीला एका फेजच्या साधारण अडीचपट व्होल्ट मिळतात. असा हिशेब मांडला तर प्रत्येक कॉईलला त्या गतीला साडेतीन व्होल्ट लागतात, म्हणजे सेकंदाला एक फेरा या गतीला सव्वा व्होल्टच्या जरा खाली. तर वेढे ५६. मल्टिमीटरने वेगळं सांगितलं तर त्याचं ऐक, माझं नाही.

तार १७ गेजची, दोन पदरी गुंडाळ. एकच जाड तार साच्यावर नीट वळत नाही, कोपऱ्यात फुगते. नऊच्या नऊ कॉईल एकाच दिशेने गुंडाळायच्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला लाल स्लीव्ह. फेज जोडताना पहिली, चौथी, सातवी, मग दुसरी, पाचवी, आठवी, मग उरलेल्या. स्टारचा जोड डाग देऊनच कर, पिळून टेप गुंडाळायची नाही.

ओतकामाला तू देवगडात आहेस हे तुझं भाग्य. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे लोक तुझ्या दारात आहेत. रेझिन, हार्डनर, मॅट यांतलं त्यांना माझ्यापेक्षा दसपट कळतं. त्यांच्यातला एखादा जाणता माणूस गाठ आणि एवढंच सांग की थर जाड आहे, हार्डनर कमी घाला. हार्डनर जास्त झाला तर रेझिन तापतं आणि तडकतं. ओतण्याआधी साच्याला मेणाचं पॉलिश भरपूर लाव.

चुंबकांचं मात्र फोनवर तू हसण्यावारी नेलंस. एक चुंबक हातात धरून चकतीवरून फिरव: ओढ, ढकल, ओढ, ढकल असं आलं पाहिजे, कारण शेजारी-शेजारी उलटे ध्रुव हवेत. आणि समोरासमोरच्या चकत्यांवर एकमेकांना ओढणारे. बारा-बारा चुंबकांच्या दोन चकत्या जवळ आल्या की त्या हाताने थोपवता येत नाहीत. तीन लांब आटेदार रॉड लावायचे आणि पान्याने एकेक फेरा देत वरची चकती खाली उतरवायची. मध्ये बोट नाही, पाना नाही. टेबलावर लोखंडाचा कीस नाही. पोरांना त्या दिवशी मामाकडे धाड. शेवटी कॉईलच्या दोन्ही अंगांना दीड-दोन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. हाताने फिरवून कान लाव, घासल्याचा आवाज लगेच कळतो.

हे झालं कुठल्याही चक्कीचं. तुझ्याकडे वर खारा वारा. आम्हा घाटावरच्यांना जो त्रास नाही तो तुला आहे. निओडिमियम हे लोखंड-मिश्रित चुंबक, वरचा निकेलचा मुलामा जरा खरवडला की आतून गंजतं. आणि गंज फुगतो. चुंबक उचललं जातं, कॉईलला घासायला लागतं आणि फट खाऊन टाकतं. म्हणून चकत्या आधी गॅल्व्हनाइज करून घे, चुंबकं बसवून भोवती स्टेनलेसची पट्टी घाल आणि सगळं रेझिनखाली बुडव. चुंबकाचा कोपरा उघडा दिसला तर ते काम झालेलं नाही. नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस, ३०४ तिथे डाग धरतं. आणि साध्या ग्रेडची चुंबकं ८० अंशांच्या पुढे गेली की त्यांची ओढ कायमची कमी होते. म्हणून जनरेटरला डबा करून झाकू नकोस, वारा लागू दे.

जागा सड्यावरचीच ठेव, घराजवळ नको. काकूंना आवाजाचा त्रास होईल हे एक, आणि घराजवळ वारा फाटलेला असतो हे दुसरं. नियम असा की शंभर मीटरच्या आतल्या सर्वांत उंच गोष्टीच्या किमान ९ मीटर वर पंखा हवा. तुझी कलमं आठ-दहा मीटर असतील, तर टॉवर १९ मीटर. खालून बिजागरीवर आडवा पडणारा पाइप, चारी बाजूंनी ताणाच्या तारा. तारांच्या खुंट्यांसाठी तुला जांभा फोडावा लागणार. कलमं लावताना तुझ्या आजोबांनी सुरुंग लावून खड्डे केले होते असं तूच सांगायचास. इथे सुरुंग नको, ब्रेकर आण. जांभा वरून दगड दिसतो, पण आत मऊ माती निघाली तर आणखी खोल जा आणि काँक्रीट खालून रुंद ठेव. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये तुमच्या किनाऱ्याजवळून गेलं, ते डोक्यात ठेवून खुंटी कर. आणि तसा इशारा आला की चक्की आडवीच करायची. म्हणून तर बिजागरी.

केबल टॉवरच्या पाइपातून मोकळी सोड. डोकं वाऱ्याबरोबर फिरतं, ती पिळली जाते, पण वर्षातून एकदोनदा खाली प्लग काढून पीळ सोडला की झालं. स्लिपरिंगच्या, म्हणजे फिरत्या जोडातून वीज खाली आणायच्या, नादी लागू नकोस. बॅटरीपर्यंत ४० मीटरच्या आत असेल तर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पुरेल. त्याहून लांब असेल तर चार बॅटऱ्या करून ४८ व्होल्टला जा, करंट निम्मा होतो आणि तारेतला तोटा चौथाईवर येतो. तेव्हा वेढेही दुप्पट, म्हणून हे कॉईल गुंडाळायच्या आधी ठरव. टेप घेऊन अंतर मोज, पावलांनी नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुझ्याकडे सोलरचा चार्ज कंट्रोलर पडून आहे, तो इथे लावायचा नाही. बॅटरी भरली की तो पॅनल तोडतो. पॅनलला त्याचं काही वाटत नाही. चक्कीवरचा भार तोडलास तर ती सुसाट सुटते, व्होल्टेज वाढतं, पाती थरथरतात आणि मग काय मोडेल ते खरं. हिला भार कायम हवा. बॅटरी २८.८ व्होल्टला पोचली की जास्तीची वीज हीटरकडे वळवणारा कंट्रोलर लागतो. हीटरची तार एक ओहमच्या आसपास घे, ती सातआठशे वॅट खाते. घरातला २३० व्होल्टचा रॉड इथे जेमतेम पंचवीस-तीस वॅट घेईल, तो शोभेचा.

थांबवायला तीन फेजच्या तारा एकमेकींना जोडणारा स्विच खाली बसव. शॉर्ट केलं की पंखा जड होऊन थांबतो. पण हे वाऱ्याची लाट ओसरल्यावर करायचं. भर वाऱ्यात केलंस तर कॉईल जळू शकते. खरं संरक्षण शेपटीचं. पंखा टॉवरच्या मध्यापासून जरा बाजूला बसवलेला असतो आणि शेपटीची बिजागरी तिरपी असते. वारा वाढला की पंखा आपणच तोंड फिरवतो, शेपूट वर उचलली जाऊन दुमडते, वारा उतरला की वजनाने खाली येते. शेपूट जड केली तर वीज जास्त मिळते आणि आयुष्य कमी. तू लालची आहेस, म्हणून सांगतो, ती हलकीच ठेव. वीज पडण्याचा धोका आहे, पाइपाला आणि प्रत्येक ताणाच्या तारेला आर्थिंग दे.

वहिनी विचारतील की एवढ्या खटाटोपापेक्षा आणखी दोन पॅनल का नाही. उन्हाळ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे, आणि पैशांच्या हिशेबात पॅनलच जिंकेल. पण जून ते ऑगस्ट तुमच्याकडे ऊन दिसत नाही, लाइट जाते आणि नैऋत्येचा वारा घोंघावत असतो. चक्की त्या तीन महिन्यांसाठी. बाकी मार्च ते मेमध्ये दुपारचा खारा वारा मिळेल तो वरकड. रात्रीच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, फार भिस्त ठेवू नकोस.

तर आता इतकंच कर: सड्यावर उंच बांबू रोवून वर हातातलं वाऱ्याचं मीटर बांध आणि मे महिन्यात दुपारी, संध्याकाळी आकडे लिहीत जा. घरापर्यंतचं अंतर मोजून कळव. चुंबकं मी पुण्याहून घेऊन ठेवतो, पैशांचं नंतर बघू. ओतकाम पावसाच्या आधी व्हायला हवं, दमट हवेत रेझिन दगा देतं. मेच्या शेवटी मी दोन-चार दिवस मोकळा आहे, तेव्हा टेस्ट कॉईल तुझ्याच ओसरीवर करू.

काकूंना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या

ता.क. अल्टरनेटर परत घेत नसेल तर त्यातला डायोडचा ब्रिज तपासून ठेव. चांगला असेल तर हीट सिंकसकट आपल्याला उपयोगी पडेल.