अठरा लाखांचा हिशोब आणि तुमच्या विम्याचा अर्ज

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की वर्षाला अठरा लाख म्हणजे महिन्याला दीड लाख, मग घराचा हप्ता भरताना तुझी ओढाताण का होते? मी तेव्हा विषय बदलला आणि ते तुमच्या मनाला लागले, हे आईच्या बोलण्यावरून कळले. आज सगळा हिशोब लिहून पाठवते, कारण ज्या आरोग्य विम्याला तुम्ही दोन वर्षे नकार देत आला आहात, त्याचाही उलगडा त्यातच आहे.

नेमणूकपत्रावरचा अठरा लाख हा आकडा माझा पगार नसून कंपनीला माझ्यामागे वर्षभरात येणारा एकूण खर्च आहे; इकडे सगळे त्याला सीटीसी म्हणतात. त्यातले १,८०,००० रुपये व्हेरिएबलचे, म्हणजे कंपनीचे आणि माझे वर्ष कसे गेले ते पाहून मिळणारे, कधी पूर्ण तर कधी निम्मे. माझे मूळ वेतन महिन्याला ७५,००० आहे आणि त्याच्या १२ टक्के, म्हणजे ९,००० रुपये, कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरते. तेही अठरा लाखांतच धरलेले असतात. तेवढेच ९,००० माझ्या पगारातून कापले जातात. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेपोटी, वर्षाला सुमारे ४३,००० रुपये त्याच आकड्यात दाखवलेले आहेत, परंतु सलग पाच वर्षे नोकरी झाल्याशिवाय मी राजीनामा दिला तर त्यातला एक पैसाही मला मिळणार नाही, आणि माझी पाच वर्षे पुढच्या जूनमध्ये पूर्ण होतात. दुसऱ्या कंपनीचे बोलावणे मी का लांबवते आहे, याचे एक कारण हे. माझ्या विम्याचा हप्ता, प्राप्तिकर आणि व्यवसाय कर वजा जाता हातात एक लाखाच्या जेमतेम वर रक्कम पडते.

तुमच्या वेळी पगारपत्रकावर मूळ वेतन आणि महागाई भत्ता असे, दर तीन वर्षांनी युनियन करार करी, आणि दिवाळीचा बोनस किती टक्के यावर आपल्या घरात आठवडाभर चर्चा चाले. माझी पगारवाढ बंद खोलीत एकटीशी बोलून ठरते आणि शेजारी बसणाऱ्याला किती मिळाली ते मला कळत नाही. रक्कम तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी असूनही ही पद्धत मला तुमच्या पद्धतीहून चांगली वाटत नाही, हे तुम्हाला मनापासून सांगते.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. ३० वर्षांहून अधिक काळ घाम गाळून तुम्हाला महिन्याला सुमारे तीन हजार का मिळतात, हा प्रश्न मला नेहमी टोचतो. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतनासाठी धरायच्या पगाराला मर्यादा होती. २००१ पासून २०१४ पर्यंत ती ६,५०० रुपये होती आणि नंतर १५,००० झाली. माझ्यासाठीही कंपनीच्या ९,००० मधले फक्त १,२५० त्या योजनेत जातात. म्हणजे म्हातारपणासाठी मलाही निर्वाह निधी आणि स्वतःची बचत यांवरच विसंबावे लागणार आहे.

आता विम्याविषयी. 'तुझ्या पगारातून आमच्यासाठी कापून घेऊ नकोस' असे तुम्ही म्हणता. बाबा, आई-वडिलांना कंपनीच्या गटविम्यात घेण्याची ही सोय माझ्या नोकरीच्या मोबदल्याचा भाग आहे. ती न वापरणे म्हणजे पगाराचा एक भाग सोडून देणे. हप्ता वर्षाला ३८,००० रुपये असून दोघांना मिळून ५ लाखांचे संरक्षण आहे, त्यात रुग्णालयाच्या बिलाच्या २० टक्के आपल्याला भरावे लागतील. तुमचा मधुमेह आणि आईचे गुडघे बाहेरच्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार ठरतात आणि त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. आमच्या गटविम्यात ते पहिल्या दिवसापासून धरले जातात. आई, तू जिन्याला घाबरून वरच्या खोलीत जाणे सोडलेस, हे मला दिवाळीत दिसले होते. शस्त्रक्रिया आणखी तीन वर्षे पुढे ढकलू नये असे मला वाटते.

यात एक उणीव आहे आणि ती लपवत नाही: मी नोकरी सोडेन त्या दिवशी हे संरक्षण संपेल. म्हणून तुमच्या दोघांच्या नावे एक लहान स्वतंत्र पॉलिसीही आत्ताच घ्यायची आहे, म्हणजे तिचा थांबण्याचा काळ गटविमा चालू असतानाच सरेल.

नावे नोंदवण्याची संधी वर्षातून एकदाच येते आणि यंदाची मुदत येत्या सोमवारी संपते. दोघांच्या आधार कार्डांचे फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा. आई, तुझ्या आधारवर शाळेत लावलेली १ जून हीच जन्मतारीख आहे, तीच अर्जात लिहिते. श्रावणातली खरी तारीख तिथे चालणार नाही. बाबा, शेवटच्या साखर तपासणीचा अहवालही सोबत जोडा, स्वतंत्र पॉलिसीसाठी तो लागेल.

तुमची लेक