झाड तोडण्याआधी छाटणीचा अर्ज करा, आणि तो दिवाळीनंतर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाचे दोन तडाखे बसले की शहरात झाडे तोडण्याची घाई सुरू होते. कुणाच्या कंपाउंडवर गुलमोहराची फांदी मोडून पडते, कुणाच्या पत्र्यावर शेजारचा अशोक झुकतो. मग महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज जातो, ‘झाड धोकादायक आहे, तोडण्यास परवानगी मिळावी.’ एका ओळीच्या या अर्जाचे काही होत नाही. पाऊस तोंडावर आलेला असतो, घरमालक वैतागतो आणि एखाद्या रविवारी सकाळी वखारवाल्याला बोलावून झाड आडवे करतो. लाकडाच्या बदल्यात तोडणी फुकट, म्हणून सौदा स्वस्तातला वाटतो. तो किती महाग पडू शकतो आणि बहुतेक वेळा अनावश्यक का असतो, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आपल्या कोल्हापूर शहराला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. झाड स्वतःच्या परड्यात असो, बंगल्याच्या आवारात असो किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीच्या, परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. कायद्यातील ‘तोडणे’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे त्यात येते. म्हणून बुंध्याची साल गोल सोलणे, भोके पाडून ॲसिड किंवा मोरचूद भरणे हाही गुन्हाच. शिवाय असे उभे वाळलेले झाड उतरवणे जास्त धोक्याचे असते, कारण वाळकी फांदी वर चढलेल्या माणसाचा भार न पेलता अचानक तुटते. 2021 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा तोडीचा दंड एका झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. परवानगी घेऊन झाड तोडले तरी त्याचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावून जगवायची जबाबदारी येते. चाळीस वर्षांच्या आंब्यामागे चाळीस रोपे. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर ती कुठे लावणार, याचा विचार अर्ज लिहितानाच करायला हवा.

अर्ज अडतो तो बहुतेक अपुऱ्या माहितीमुळे. झाडाची जात, संख्या, जागेचा नकाशा, तोडण्याचे कारण आणि जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवरचा बुंध्याचा घेर, एवढे द्यावेच लागते. 1.37 मीटर म्हणजे साडेचार फूट, साधारण छातीची उंची. शिंप्याचा टेप तिथे बुंध्याभोवती आडवा, सैल न सोडता गुंडाळायचा. जमीन उताराची असेल तर उंची चढाच्या बाजूने धरायची. घेराच्या रकान्यात व्यास लिहिण्याची चूक फार होते. व्यास 50 सेंटिमीटर असेल तर घेर 157 सेंटिमीटर येतो, म्हणजे तिपटीहून जास्त. कागदावर एक आणि बुंध्यावर दुसरेच माप निघाले की प्रकरण परत फिरते. फोटो तीन जोडावेत: पूर्ण झाडाचा, टेप लावलेल्या बुंध्याचा आणि नेमक्या दोषाचा. मिळकत पत्रिका, घरफाळ्याची पावती आणि अपार्टमेंट असेल तर सभेच्या ठरावाची प्रत सोबत असावी. बांधकामासाठी झाड काढायचे असेल, तर नकाशावर प्रत्येक झाडाची जागा दाखवावी. पुष्कळदा पार्किंगचा एक खण सरकवला की झाड वाचते, पण झाड नकाशावरच नसले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढे जागेची पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, झाडावरही सूचना लावली जाते, हरकतींना मुदत मिळते आणि मग विषय प्राधिकरणापुढे जातो. दीड-दोन महिने सहज जातात. परवानगी हातात आल्यावरही 15 दिवस करवत लावता येत नाही. हे दिवस मोजले की मे महिन्यातल्या अर्जाला उशीर झालेला असतो, हे ध्यानात येईल. अर्ज दिवाळी झाली की लगेच करावा. छाटणीलाही परवानगी लागतेच, पण तिचाही योग्य हंगाम तोच. हवा कोरडी असते, कापलेली जागा कुजत नाही आणि बहुतेक पक्ष्यांची वीण उरकलेली असते. भर पावसात बगळे आणि ढोकऱ्या मोठ्या झाडांवर घरटी करतात. अंडी किंवा पिले असलेली फांदी पाडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली वेगळा गुन्हा आहे.

झाड खरोखर धोक्याचे आहे का, हे बुंध्याशी बसून पाहावे. ते नुसते वाकडे आहे म्हणून धोकादायक ठरत नाही. कित्येक झाडे लहानपणापासून उजेडाकडे झुकलेली असतात आणि मुळांनी तो तोल सांभाळतात. पण झुकाव अलीकडे वाढला असेल आणि उलट्या बाजूची माती फुगून भेगाळली असेल, तर एक दिवसही थांबू नये. बुंध्याच्या तळाशी लाकडासारखी टणक, तपकिरी, अर्धगोल आळंबी दिसली, तर आतली कूज पुढे गेलेली असते. गुलमोहरात हे नेहमी आढळते, त्यात त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकावे. घट्ट आवाज मध्येच ढोलासारखा पोकळ झाला तर तिथे खडूने खूण करावी आणि अर्जात ती जागा लिहावी.

भिंतीला तडा गेला की दोष मुळांवर जातो. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि झाड नसतानाही भिंत फोडते. तड्याजवळ दोन फूट खोल चर खणून पाहिले की उत्तर मिळते. मूळ भिंतीखाली गेलेच असेल, तर तेवढ्या भागाचा पाया मोकळा करून वर लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, टाकता येते. बुंध्याच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा जवळ मूळ मात्र तोडू नये. एका बाजूचा आधार गेला की तेच झाड पुढच्या जुलैत घरावर येते. बुंध्याला भिडवून पेव्हिंग ब्लॉक बसवले असतील, तर निदान एक मीटर जागा मोकळी करावी.

छाटणीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेंडा उडवणे. सरळ कापलेल्या खुंटावर दोन वर्षांत धुमाऱ्यांचा झुबका येतो. हे धुमारे खोडात रुजलेले नसतात, नुसते सालीवर चिकटलेले असतात. खालचा खुंट कुजतो आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात. धोका कमी करायला गेले आणि वाढवून बसले, अशी गत होते. एका वेळी पालवीचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. जाड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा, पण बुंध्याजवळचा फुगीर वळ शाबूत ठेवून, त्याच्या लगत बाहेर. नवी साल त्या वळातूनच येते. पहिला काप न देता वरून करवत चालवली, तर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलत नेते. कापावर डांबर किंवा रंग फासू नये, त्याने ओल आत कोंडते.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तरी ती परस्पर कापता येत नाही. विजेच्या तारेला भिडली असेल, तर आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. झाड कोसळायच्या बेतात असेल तर अग्निशमन दलाचा 101 क्रमांक लावावा आणि हात लावण्यापूर्वीचे फोटो वेळेसह जपून ठेवावेत. उचगाव, पाचगावसारख्या ग्रामपंचायतींच्या भागात नियम वेगळे आहेत. तिथे 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा चालतो. त्याच्या अनुसूचीत साग आणि चंदनासोबत आंबा, फणस, चिंच, जांभूळ हीही झाडे आहेत. त्यांच्यासाठी वनविभागाकडे जावे लागते.

महापालिकेकडे दोन मागण्या आहेत. छाटणीचा आणि तोडणीचा अर्ज वेगवेगळ्या नमुन्यात असावा. छाटणीच्या नमुन्यात कोणती फांदी, जमिनीपासून किती उंचीवर आणि किती जाडीची, हे रकाने असावेत. आज ‘फांद्या कमी करणे’ एवढ्या मोघम शब्दांवर अख्खे झाड खुंटासारखे उभे केले जाते. दुसरी, काम चालू असताना परवानगीची प्रत झाडावरच लावण्याची सक्ती करावी. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही करवतीचा आवाज आला, तर कागद वाचून कळेल की परवानगी एका फांदीची आहे की पूर्ण झाडाची.

आपला,
एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर