दुखायचं थांबलं तरी भाकरी नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, खालच्या जबड्यात उजवीकडे इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी हाडात पिळलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नंतर दात बसतो) बसवला त्याचे टाके निघाले, दुखायचं थांबलं, म्हणून उद्यापासून भाकरी सुरू, असं तुम्ही फोनवर जाहीर केलंत. आईनं तवा ठेवायच्या आत हे पोचावं म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. आई, छापून फ्रिजवर लाव.

दुखत नाही याचा अर्थ हिरडी भरत आलीय, एवढाच. हाडाचं काम आत्ता कुठे सुरू झालंय. बसवला त्या दिवशी इम्प्लांट नुसत्या आट्यांच्या जोरावर घट्ट असतो, भिंतीत पिळलेल्या स्क्रूसारखा. मग शरीर आट्यांखाली दबलेलं हाड आधी झिजवतं आणि त्या जागी टायटॅनियमला धरून नवं हाड तयार करतं. जुनी पकड सैल झालीय, नवी अजून आलेली नाही, असा काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो. नेमकं त्याच वेळी माणसाला वाटतं, झालं सगळं बरं! त्या दिवसांत चावून चावून इम्प्लांट हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो. मग तो पक्का होत नाही, काढावाच लागतो. म्हणून वर दात बसवायला खालच्या जबड्याला साधारण तीन महिने थांबतात आणि वरच्याला चार ते सहा, कारण वरचं हाड विरळ असतं.

तेव्हा निदान सहा आठवडे उजव्या बाजूनं काही चावायचं नाही. डावीकडूनही मऊच. नाचण्याची आंबील, गुरगुट्या भात, इडली, उप्पीट, आमटीत चांगली भिजवून कुस्करलेली भाकरी हे चालेल. चिरमुरे आणि कारळ्याची चटणी बंद, कण हिरडीच्या कडेला जाऊन बसतात. गोकाकचा करदंट तर घरातच आणू नका. त्यातला डिंक चिकटतो आणि ओढतो. कुंदा मऊ आहे खरा, पण तुमची साखर बघता तो आईनं कपाटात ठेवावा. साखर चढलेली राहिली की जखम भरायला उशीर आणि जंतूंना मोकळं रान. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून तो कागद दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तंबाखू. निपाणी जवळ आहे म्हणून तो औषध होत नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पोचतं, इम्प्लांट फसण्याचं हे एक मोठं कारण. चिमूटभरसुद्धा नको.

हिरडीतून वर दिसतं ते चकचकीत बटण म्हणजे हिलिंग कॅप, इम्प्लांटवरचं तात्पुरतं झाकण. खरा दात नंतर येणार. हे बटणही रोज दोनदा अगदी मऊ ब्रशनं हलक्या हातानं पुसायचं, नाहीतर कडेला पांढरा थर साचतो. जेवणानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा. शिवाय ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन (चूळ भरायचं जंतुनाशक औषध) १० मिली, पाणी न घालता, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पण पेस्ट लावल्यावर लगेच नाही, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेस करणाऱ्या द्रव्यानं औषध निकामी होतं. त्यावर लगेच चहाही नको, दात तपकिरी पडतात. डॉक्टरांनी दिलेली बाटली संपली की मनानं दुसरी आणू नका.

बटण जिभेला हलतंय असं वाटलं तर बोटानं पिळू नका, पक्कड तर नाहीच. निघून आलं तर डबीत ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. भोकावर हिरडी चढली की पुन्हा कापावी लागते. खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर असेल तर तेही आजच सांगा, ती नसेची गोष्ट आहे, थांबायची नाही. जुनी कवळी डॉक्टरांनी आतून घासून दिल्याशिवाय त्या जागेवर चढवू नका.

वरचा इम्प्लांट व्हायचाय, त्या दिवसाचं आताच लिहून ठेवते. गॉजची घडी ४५ मिनिटं घट्ट चावून धरायची, उघडून बघत बसायचं नाही. पहिले २४ तास चूळ, थुंकणं, स्ट्रॉ, गरम चहा काही नाही. रक्ताची गाठ निघून येते. गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, घाबरू नका. चौथ्या दिवसानंतर वाढली किंवा ताप आला तर मात्र फोन. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची पोकळी असते, म्हणून दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दात बसल्यावर खरी मेख आहे. आपल्या दाताभोवती बारीक तंतू असतात, ते दाब जाणवून देतात. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेला, तिथे तसलं काही नाही. त्यामुळे भोवतीचं हाड खाल्लं जात असलं तरी बराच काळ दुखत नाही. ब्रशला रक्त, कडेनं पू, तोंडाला घाण चव, यातलं एकही दिसलं की जायचं. एका झुबक्याचा छोटा ब्रश आणि फटीत घालायचा ब्रश पाठवलाय. त्याच्या तारेवर प्लास्टिक आहे, उघड्या तारेचा आणू नका, धातूवर चरे पडतात. टाचणी, सुई तर नकोच. इम्प्लांटवर बसवलेला दात डुगडुगला तर बहुतेक आतला बारीक स्क्रू ढिला झालेला असतो, तो डॉक्टर मोजून आवळतात. तसाच चावत राहिलात तर तो आत तुटतो. तपासणी दर सहा महिन्यांनी.

आई, तुझ्याही दाढेचं तू बोलत होतीस. हाडं ठिसूळ झालीत म्हणून तू आठवड्याला एक गोळी घेतेस ना, ती गोळी दाढ काढायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना दाखव, पाकिटासकट. त्या गोळ्यांमुळे कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून त्यांना आधी कळायला हवं.

तुमची,
मुलगी