बावटा फ्रान्सचा, गलबत सूरचं

मस्कत

ती. स्व. नानाकाका यांना सा. नमस्कार.

तुम्ही परवा विचारलंत, सूरच्या अरबांच्या गलबतांवर फ्रान्सचा बावटा आला कुठून आणि त्यावरून इंग्रज-फ्रेंच हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत का भांडले. फोनवर उरकण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून लिहितो. मचव्याचं लायसन म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं समजवायला नको, तेवढं लिहिणं माझं वाचलं.

सूर हे ओमानच्या पूर्व टोकाजवळचं बंदर. थंडीत ईशान्येच्या वाऱ्यावर इथले नाखवे खजूर आणि सुकी मासळी भरून झांझिबारकडे उतरायचे, नैऋत्येचा वारा सुरू झाला की एप्रिल-मेमध्ये परतायचे. येताना तिवराचे वासे, लवंग. आणि काहींच्या पोटात गुलाम म्हणून विकायची माणसं. इंग्रजांची लढाऊ जहाजं असली गलबतं धरायची. सोडवलेल्यांपैकी काहींना मुंबईला आणलं गेलं, त्यातले बरेच नाशिकजवळ मिशनने वसवलेल्या शरणपुरात वाढले. नाशिकच्या शरणपूर रोडचं नाव त्याच वस्तीवरून आलं. शोधप्रवासी लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेलेली ‘नाशिकची पोरं’ इथलीच.

इंग्रजांना कुठल्याही गलबतावर चढता येत नसे, खरी मेख इथे आहे. २ जुलै १८९० रोजी ब्रसेल्सला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मोठा करार झाला. त्यात ५०० टनांखालची जहाजं ठरलेल्या सागरी पट्ट्यात थांबवून तपासायची मुभा होती. फ्रान्सने करार मंजूर केला तो २ जानेवारी १८९२ ला, आणि तोही तपासणीची कलमं वगळून. परक्या आरमाराने आपल्या बावट्याखालचं जहाज उघडून बघावं हे पॅरिसला कधीच पचलं नाही. त्यामुळे काठीवर फ्रेंच बावटा चढला की इंग्रज अधिकाऱ्याला माल आणि माणसं झडती घेऊन बघता येईनात. नाखव्यांच्या हे लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? ओबोक, मायोत, नोसी-बे अशा फ्रेंच ठाण्यांवरून आणि वकिलातींतून सूरच्या लोकांनी कागद काढून घेतले. माणूस सूरचा, बायकामुलं सूरला, रयत मस्कतच्या सुलतानाची, आणि बावटा तिरंगी. प्रत्येक जण गुलामच आणत होता असं नाही बरं का. कित्येकांना नुसती कटकट टाळायची होती.

आता कागदाची गोष्ट. ब्रसेल्स करार गलबत ‘देशी’ ठरवतो ते दोन खुणांवर: बांधणी किंवा शिडं देशी दिसली पाहिजेत, नाहीतर नाखवा आणि बहुतेक खलाशी हिंदी महासागर, तांबडा समुद्र किंवा इराणच्या आखाताच्या काठचे पाहिजेत. अशा गलबताला बावटा द्यायचा तर बत्तिसाव्या कलमाच्या तीन अटी. मालक किंवा गलबत सफरीला सज्ज करणारा त्या देशाचा प्रजाजन किंवा संरक्षित, म्हणजे त्याच्या आश्रयाखालचा परका, असावा. जिथे अर्ज करतो तिथे त्याची जमीन-घर असावं, नसेल तर ऐपतीचा जामीन द्यावा. आणि त्याची वर्तणूक चांगली असावी, गुलामांच्या व्यापारात शिक्षा झालेली नसावी. परवाना दर वर्षी नवा करायचा. गलबताचं नाव आणि टनभार पिछाडीवर लॅटिन अक्षरांत कोरून रंगवायचा. बंदराची आद्याक्षरं आणि नोंदणी क्रमांक शिडावर काळ्या रंगात. आफ्रिकी उतारू घ्यायचे तर आधी अधिकाऱ्यापुढे उभे करायचे, तो विचारपूस करणार, आणि यादीत प्रत्येकाच्या नावापुढे वर्णन, त्यातही स्त्री की पुरुष आणि उंची, लिहिली जाणार. उंची कशाला? चढताना एक माणूस आणि उतरताना त्याच नावाचा दुसरा, हे होऊ नये म्हणून. हा नियम लिहिणाऱ्याने बंदरं चांगलीच बघितली असणार.

पहिल्या अटीतला ‘संरक्षित’ हा शब्द मात्र सैल राहिला, आणि भांडण तिथेच शिरलं. इंग्रज म्हणाले, १० मार्च १८६२ ला आपण दोघांनी मस्कतच्या सुलतानाच्या स्वातंत्र्याचा मान राखायचं कबूल केलंय. त्याच्या रयतेला बावटे वाटणं म्हणजे ते स्वातंत्र्य पोखरणं. फ्रेंच म्हणाले, आमचा बावटा कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवणार. शिवाय १७ नोव्हेंबर १८४४ चा आमचा मस्कतशी तह आहे, त्यात आमच्या जहाजांना आणि आमच्या नोकरीतल्या लोकांना संरक्षण आहे. मग गलबतावरचा खलाशीही आमचा, आणि त्याचं सूरमधलं घरदारही. अशाने अर्धं सूर सुलतान फैसल बिन तुर्कींच्या काझीपुढे उभं राहायला नकार देऊ शकलं असतं.

१३ ऑक्टोबर १९०४ ला दोघांनी लवादाचा करार केला. पंच असे: इंग्लंडतर्फे अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर, फ्रान्सतर्फे हॉलंडचे साव्होर्निन लोमान, आणि सरपंच म्हणून इटलीच्या राजाने नेमलेले ऑस्ट्रियाचे हाइनरिख लामाश. ज्याची रयत, ज्याचं पाणी, तो सुलतान पक्षकारांत नव्हताच!

निकाल ८ ऑगस्ट १९०५ चा. मला तो आवडतो, कारण त्यात तत्त्वांपेक्षा तारखा जास्त बोलतात. बावटा द्यायचा हक्क सार्वभौम सत्तेचाच, इथे फ्रान्सचं खरं ठरलं. पण ब्रसेल्सचा करार मंजूर करून फ्रान्सने आपणच तो हक्क आखडून घेतला. म्हणून २ जानेवारी १८९२ च्या आधी ज्यांना बावटा मिळाला, त्यांचा राहील, फ्रान्स परवाना नवा करत राहील तोवर. त्यानंतर मागणाऱ्याने दाखवायचं की फ्रान्स त्याला १८६३ च्या आधीपासून संरक्षित मानत आणि वागवत आलाय. १८६३ का? त्या साली तुर्की राज्यात परक्या वकिलातींनी हवे तेवढे लोक संरक्षित करण्यावर कायद्याने मर्यादा आली, आणि तीच मोजपट्टी लवादाने मस्कतला लावली. बेचाळीस वर्षांपूर्वीचा पुरावा सूरच्या किती नाखव्यांच्या पेटीत निघणार, सांगा.

दुसरा भाग तुमच्या कामाचा. रीतसर बावटा असलेल्या गलबताला मस्कतच्या पाण्यात १८४४ च्या तहाचं अभय आहे, सुलतानाच्या शिपायांनी त्यावर चढायचं नाही. पण ते अभय गलबताचं. मालक, नाखवा, खलाशी आणि त्यांची कुटुंबं सुलतानाचीच रयत. बावट्यामुळे त्यांची त्याच्या न्यायालयातून सुटका नाही. वाळूवर पाय टेकला की काझी आहेच.

आणि परवाना एका माणसाला, एका गलबतासाठी. तो दुसऱ्या माणसाला देता येत नाही आणि दुसऱ्या गलबतावर नेता येत नाही, दोन्ही गलबतं एकाच मालकाची असली तरीसुद्धा. घोटाळा नेमका इथे होतो हे तुम्ही ओळखलं असेलच: बाप गेला, मुलगा तेच कागद दाखवून हाकतोय, गलबत विकलं, सौद्यात परवानाही गेला, जुनं कुजलं, नवं बांधलं आणि नंबर घातलेलं जुनं शीड त्यावर ताणलं. शीड तेच, नंबर तोच, लांबून बघणाऱ्याला शंका यायची नाही. म्हणून तर पिछाडीवर नाव-टनभार कोरून घ्यायचा: शीड उतरवता येतं, पिछाडीची फळी नाही.

आपल्याकडे आंग्र्यांची दस्तकं होती, त्याआधी पोर्तुगीजांचे कार्ताझ. पण ते समुद्रात फिरू देण्याचे परवाने, पैसे भरा आणि जा. इथे कागद सांगत होता की हे लाकूड कोणाचं.

कोण जिंकलं म्हणाल तर फ्रान्सचा हक्क शाबूत राहिला आणि इंग्रजांना वेळ मिळाला. जुने मालक थकणार, जुनी गलबतं वाळवी खाणार, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना बावटा नाही. कोणाचा बावटा ओढून उतरवायची गरजच उरली नाही.

सूरला किनाऱ्यावर ‘फतह अल-खैर’ नावाचं जुनं गंजा जातीचं गलबत जपून ठेवलंय. ते बरंच नंतरचं, १९५१ सालचं आहे, पण पिछाडी कशी कोरायचे ते त्यावर बघायला मिळतं. फोटो वेगळे पाठवतो. फळ्यांच्या सांध्यांबद्दल तुमचं मत मला हवंय.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शिरीष